परत आलेला पैसा उत्पन्नात धरायचा का?

न्यू जर्सीतून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "आम्ही दोघंही नोकरी करतो, ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आहे. २०२४ च्या सुरुवातीला पहिलं घर घेतलं. २०२४ चा रिटर्न भरल्यावर गेल्या वर्षी फेडरल, म्हणजे केंद्राच्या, आयकराच्या रिफंडचे ४,१२० डॉलर उशिरा आले, त्यावर ३८ डॉलर व्याज मिळालं. राज्याच्या आयकरातले ९०० डॉलर परत आले आणि त्याची नोंद असलेला राज्याचा १०९९-जी फॉर्म आहे. ऑक्टोबरमध्ये २२,००० डॉलर घालून छतावर स्वतःचं सोलर बसवलं, त्यावर ६,६०० डॉलरचं टॅक्स क्रेडिट, म्हणजे करातून थेट सूट, मिळतंय. आता २०२५ चा रिटर्न भरायचा आहे आणि घरात रोज वाद. सांगलीला बाबा आहेत, सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणतात, खात्यात जमा झालं ते उत्पन्न, दाखवलंच पाहिजे. एडिसनचे मामेसासरे म्हणतात, घरावरचं क्रेडिट म्हणजे सरकारचं कर्ज, आम्ही पंधरा वर्षं फेडत होतो. नवरा म्हणतो, सगळं उत्पन्नात दाखवून मोकळे होऊ, दोनशे डॉलर जास्त गेले तर गेले, पण आयआरएसचं, म्हणजे फेडरल कर खात्याचं, पत्र नको. मला रात्री झोप येत नाही. नेमकं काय दाखवायचं?"

आधी उत्तर देते, कारण १५ एप्रिल जवळ आला आहे. फेडरल रिफंडचे ४,१२० डॉलर उत्पन्न नाहीत. सोलरचं क्रेडिट उत्पन्न नाही. ३८ डॉलर व्याज मात्र उत्पन्न आहे, ते दाखवा. राज्याकडून आलेले ९०० डॉलर, तुम्ही कळवलेल्या आकड्यांवरून, यंदा उत्पन्नात येत नाहीत. पण या वर्षी राज्याकडून जे परत येईल ते पुढच्या रिटर्नमध्ये बहुतेक उत्पन्नात येईल. एकाच राज्याचा, एकाच प्रकारचा रिफंड एका वर्षी करपात्र नाही आणि दुसऱ्या वर्षी आहे, हे ऐकून गोंधळ होणारच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या घरातल्या तिन्ही मतांमागे एक समजूत आहे, की पैसा खात्यात आला या घटनेवरूनच त्याचा निकाल लागतो. कर तसा चालत नाही. विचारायचं ते वेगळं: हा पैसा आधी कुणाचा होता, आणि तो देताना आपण कुठे करात सूट घेतली होती का? भाजीवाल्याला पाचशेची नोट दिली आणि त्याने ऐंशी रुपये सुटे परत केले, तर ते ऐंशी रुपये आपली कमाई होत नाहीत. फेडरल रिफंडचं तसंच आहे. तुमच्या पगारातून वर्षभर जास्त कापला गेला, तो परत आला. ज्या पगारातून तो कापला, तो अख्खा पगार डब्ल्यू-२ या पगाराच्या वार्षिक फॉर्ममध्ये आधीच उत्पन्न म्हणून धरला गेलाय. शिवाय फेडरल आयकराची वजावट फेडरल रिटर्नमध्ये मिळतच नाही. त्यामुळे "आधी सूट घेतली होती का" हा प्रश्न इथे उद्भवतही नाही.

व्याजाचं वेगळं. सरकारने तुमचे पैसे मुदतीपलीकडे ठेवून घेतले, त्याचा तो मोबदला आहे, आणि तो तुमच्याकडे आधी कधीच नव्हता. रिटर्न वेळेत भरूनही रिफंड ४५ दिवसांत आला नाही तर आयआरएस व्याज देतं. गेल्या वर्षी तुमचा रिफंड आला तेव्हा दर ७ टक्के होता. बँकेच्या व्याजासारखंच ते दाखवायचं, व्याजाचा १०९९-इंट फॉर्म हातात आला असो वा नसो. इथे बाबांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, आणि हे त्यांना आवर्जून सांगा. भारतातही रिफंडची मूळ रक्कम उत्पन्न नसते, पण १९६१ च्या कायद्याच्या कलम २४४अ खाली त्यावर मिळणारं व्याज 'इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न' म्हणून दाखवावं लागत आलंय. निवृत्त बँक अधिकाऱ्याला हा भेद एका वाक्यात कळेल. वाद घालण्यापेक्षा त्यांना हे विचारून पाहा.

आता राज्याचे ९०० डॉलर. खरी मेख इथे आहे.

तुम्ही २०२४ च्या रिटर्नमध्ये स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरलेली वजावट, न घेता आयटमाइज केलंत, म्हणजे एकेक खर्च वजावटीत दाखवणारं शेड्यूल ए भरलंत. तुमचे आकडे असे: कर्जावरचं व्याज २७,५०० डॉलर, मालमत्ता कर ९,८०० आणि पगारातून कापलेला राज्याचा आयकर ७,४००. दोन्ही कर मिळून १७,२०० होतात. पण २०१८ पासून राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीवर १०,००० डॉलरची मर्यादा होती, तिलाच सगळे सॉल्ट कॅप म्हणतात. त्यामुळे तुम्हाला वजावट मिळाली १०,००० चीच. उरलेल्या ७,२०० डॉलरचा काहीही फायदा झाला नाही.

आता समजा राज्याने सुरुवातीपासूनच बरोबर कर कापला असता, ९०० डॉलर कमी. मग तुमचे कर १६,३०० झाले असते आणि वजावट तरीही १०,०००. म्हणजे ते ९०० डॉलर जास्त भरून तुम्ही फेडरल करात एक सेंटही वाचवला नव्हता. ज्याचा फायदा घेतला नाही, ते परत आलं तर उत्पन्न होत नाही. आयआरएसने २०१९ साली नेमक्या याच परिस्थितीवर लेखी निर्णय दिलेला आहे, रेव्हेन्यू रुलिंग २०१९-११. न्यू जर्सीत मालमत्ता कर इतका आहे, की तिथल्या अनेक घरमालकांचा राज्याचा रिफंड गेली काही वर्षं याच कारणाने करपात्र ठरत नव्हता. आणि तरीही अनेकांनी तो उत्पन्नात दाखवून कर भरला असणार, कारण हातात १०९९-जी होता.

फॉर्म आला म्हणजे रक्कम करपात्र, ही समजूत इतकी पसरलीय की तिच्यावर थोडं थांबते. १०९९-जी एवढंच सांगतो की राज्याने तुम्हाला अमुक रक्कम परत दिली. ती करपात्र आहे की नाही हे त्या राज्याला माहीत नसतं, कारण तुमचं शेड्यूल ए त्यांच्यासमोर नसतं. ते ठरवायचं आपण. उलट, फॉर्म घरी आला नाही म्हणून रक्कम करमुक्त होत नाही. बरीच राज्यं तो आता टपालाने पाठवत नाहीत, संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा लागतो.

मग पुढच्या वर्षी काय बदलतं? जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने सॉल्टची मर्यादा २०२५ सालासाठी १०,००० वरून ४०,००० डॉलरवर गेली. ज्यांचं उत्पन्न पाच लाख डॉलरच्या वर आहे त्यांना ती टप्प्याटप्प्याने कमी होते, तुमचा तो प्रश्न नाही. २०२५ चे तुमचे आकडे: व्याज २७,०००, मालमत्ता कर १०,१००, राज्याचा आयकर ७,९००. दोन्ही करांचे १८,००० या वेळी पूर्णच्या पूर्ण वजावटीत जातात. एकूण ४५,००० होतात, आणि दांपत्यासाठी २०२५ चं स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० आहे. समजा या वसंतात राज्याने १,१०० डॉलर परत केले. त्या १,१०० वर तुम्ही या वेळी खरोखर वजावट घेतलेली आहे. म्हणून ते परत आले की २०२६ चं उत्पन्न. २०२७ मध्ये रिटर्न भरताना ते शेड्यूल १ या, इतर उत्पन्न दाखवायच्या जोडपत्राच्या, पहिल्या ओळीत जातील. ते विसरू नका, कारण यंदा नव्हते म्हणून पुढच्या वर्षीही नसतील असं गृहीत धरणं फार सोपं आहे.

तुमच्यासारख्याच, पण थोड्या वेगळ्या परिस्थितीतल्या वाचकांसाठी याच नियमाच्या काही कडा. ज्यांनी मागच्या वर्षी स्टँडर्ड डिडक्शन घेतलं, त्यांचा राज्याचा रिफंड करपात्र नाही, मग १०९९-जी कितीचाही असो. भाड्याच्या घरात राहणारी बहुसंख्य मंडळी यात येतात. ज्यांची आयटमाइज केलेली बेरीज स्टँडर्डपेक्षा जेमतेम ४०० डॉलरने जास्त होती आणि रिफंड ९०० चा आला, त्यांचे जास्तीत जास्त ४०० करपात्र, कारण फायदा तेवढाच झाला होता. ज्यांनी आयकराऐवजी विक्रीकराची वजावट निवडली होती, त्यांना आयकराचा रिफंड उत्पन्नात धरावा लागत नाही. मालमत्ता कराचा काही भाग परत मिळाला तरी कसोटी हीच. आणि नुकत्याच आलेल्या मुलांबद्दल एक गोष्ट: करासाठी अनिवासी असलेल्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही. भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कर करारामुळे ते मिळतं, पण थेट एच-१बी वर आलेल्या आणि त्या वर्षी अनिवासी ठरणाऱ्या भाच्या-पुतण्यांना मिळत नाही. राज्याच्या कराची वजावट ते घेतातच, म्हणून पुढच्या वर्षीचा रिफंड त्यांच्या उत्पन्नात येतो. रूममेटला विचारून रिटर्न भरला की हेच हमखास निसटतं.

आता मामेसासऱ्यांच्या मताकडे वळू. ते त्यांच्या अनुभवातून बोलताहेत आणि त्यांचा अनुभव खरा आहे. घरांच्या बाजाराची पडझड सुरू असताना जुलै २००८ मध्ये कायदा झाला. ९ एप्रिल ते ३१ डिसेंबर २००८ या काळात पहिलं घर घेणाऱ्याला किमतीच्या १० टक्के, कमाल ७,५०० डॉलरचं क्रेडिट मिळालं. त्याला क्रेडिट म्हटलं तरी ते बिनव्याजी उसनं होतं: २०१० च्या रिटर्नपासून दर वर्षी ५०० डॉलर, पंधरा हप्ते. शेवटचा हप्ता २०२४ च्या रिटर्नबरोबर गेला. त्यांची परतफेड आता संपली आहे, हे त्यांनाही सांगा. फेब्रुवारी २००९ मध्ये कायदा बदलला. २००९ मध्ये घर घेणाऱ्यांना ८,००० डॉलरपर्यंत मिळाले आणि तीन वर्षं त्या घरात राहिलं तर काहीच परत करायचं नव्हतं. पुढे मुदत वाढली, आणि जुन्या घरमालकांनी दुसरं घर घेतलं तर ६,५०० डॉलरपर्यंतची तरतूदही आली. म्हणजे एकाच गल्लीत डिसेंबर २००८ मध्ये घर घेतलेला माणूस पंधरा वर्षं फेडत राहिला आणि जानेवारी २००९ मध्ये घेतलेल्या शेजाऱ्याला सगळं माफ. मामेसासऱ्यांच्या बोलण्यात कडवटपणा असेल तर तो मी समजू शकते.

पण या तिन्हींपैकी एकही रक्कम उत्पन्न म्हणून धरली गेली नव्हती. कर शून्य असलेल्यांना पूर्ण रकमेचा चेक आला, तोही उत्पन्न नव्हता. क्रेडिट थेट करातून वजा होतं, उत्पन्नाच्या रकान्यात ते येतच नाही. तुमच्या सोलरच्या ६,६०० डॉलरचंही तसंच. ते शेड्यूल १ मध्ये शोधू नका, फॉर्म ५६९५ वर जातं. ते परत फेडायचंही नाही. हे ३० टक्क्यांचं क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला मिळत नाही, तुम्ही वेळेत बसवलंत. त्याचा एक माग मात्र राहतो. घर विकताना नफा काढण्यासाठी घराची मूळ किंमत धरतात, त्यात सोलरचे २२,००० मिळवता येणार नाहीत. क्रेडिट वजा करून १५,४०० च मिळवायचे. राहत्या घराच्या विक्रीत दांपत्याला पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा सहसा करमुक्त असल्याने त्याचा कदाचित कधी फरक पडणारही नाही. तरी सोलरचं बिल आणि तो फॉर्म घराच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवा.

इतरांनी आपलं क्रेडिट कोणतं हे नावानिशी पाहावं. काही ठिकाणी नवीन घर घेणाऱ्यांना मॉर्गेज क्रेडिट सर्टिफिकेट मिळतं, म्हणजे गृहकर्जाच्या व्याजाच्या काही भागाचं क्रेडिट. तेही उत्पन्न नसतं, पण जितकं क्रेडिट घ्याल तितकी व्याजाची वजावट कमी होते, आणि नऊ वर्षांच्या आत घर विकलं तर काही जणांना त्यातला भाग परत द्यावा लागू शकतो. एजंटने आपल्या कमिशनमधून खरेदीदाराला काही परत दिलं, तर ती घराच्या किमतीतली घट समजली जाते, कमाई नाही. कंपनीने घर घ्यायला किंवा सामान हलवायला पैसे दिले, तर तो पगार आहे आणि पूर्ण करपात्र. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारं "पहिल्या घराला १५,००० डॉलर" हे क्रेडिट अस्तित्वात नाही. २०२१ मध्ये तसं विधेयक मांडलं गेलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. त्या नावाने कुणी सोशल सिक्युरिटी नंबर मागितला तर देऊ नका.

राहिला तुमच्या नवऱ्याचा तोडगा, सगळं दाखवून मोकळं होण्याचा. मला तो मनापासून समजतो. अर्ज प्रलंबित असताना सरकारी लिफाफ्याची धास्ती काय असते हे बाहेरच्याला कळत नाही. ९०० डॉलरवर २२ टक्क्यांनी १९८ डॉलर होतात, आणि एवढ्याने मन शांत होत असेल तर काय बिघडलं, असं त्यांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. तुम्ही रिटर्नवर सही करता ती "माझ्या माहितीप्रमाणे हे खरं, बरोबर आणि पूर्ण आहे" अशी असते. जास्त दाखवलेला आकडा हा सुरक्षित आकडा नसतो, तो चुकीचाच असतो. शिवाय त्या १९८ डॉलरनी धास्ती जाणार नाही. पुढच्या वर्षी ती नव्या रकमेसह परत येईल, कारण नियम कळलेला नसेल.

आणि पत्र आलंच तर? अशा प्रसंगी बहुधा सीपी २००० नावाची सूचना येते. तो दंडही नाही आणि आरोपही नाही. आमच्याकडे आलेला फॉर्म आणि तुमचा आकडा जुळत नाही, हा फरक तुम्हाला मान्य आहे का, अशी ती विचारणा असते, आणि उत्तराला साधारण ३० दिवस मिळतात. तुम्ही २०२४ चं शेड्यूल ए जोडून अमान्य कळवायचं, कारण लिहायचं, एवढंच. ते पान आजच छापून ठेवलंत तर ही भीती बरीच कमी होईल.

सॉफ्टवेअरमध्ये भरताना १०९९-जी ची नोंद करा, लपवू नका. मग ते मागच्या वर्षीचे आकडे विचारेल. २०२४ च्या शेड्यूल ए वरची ५डी ही ओळ म्हणजे मर्यादेआधीची बेरीज, तुमची १७,२००. ५ई म्हणजे मर्यादेनंतरची, १०,०००. ओळ १७ म्हणजे एकूण, ३७,५००. हे तिन्ही नीट भरले की करपात्र रक्कम शून्य यायला हवी. गेल्या वर्षी तुम्ही दुसरं सॉफ्टवेअर वापरलंत असं लिहिलंय. धोका तिथेच आहे, कारण नव्याला हे आकडे ठाऊक नसतात आणि काही न भरता पुढे गेलात तर ते पूर्ण ९०० उत्पन्नात टाकू शकतं. अडलात तर आयआरएसच्या प्रकाशन ५२५ मध्ये हा हिशेब दिलेला आहे. ज्यांनी आधीच्या वर्षांत असा रिफंड विनाकारण उत्पन्नात दाखवलाय, त्यांना साधारणपणे रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांच्या आत १०४०-एक्स हा दुरुस्त रिटर्न भरून जास्तीचा कर परत मागता येतो.

तुमचं भारतात एनआरओ खातं (अनिवासी भारतीयांचं, भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) असेल तर त्याच्या व्याजावर ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापला जातो, पण भारत-अमेरिका करारानुसार त्या व्याजावर सहसा १५ टक्क्यांपेक्षा जास्त कर लागत नाही. उरलेला भारतात रिटर्न भरून परत मिळवायचा असतो. जो कर असा परत मिळण्याजोगा आहे, त्याचं क्रेडिट अमेरिकेच्या रिटर्नमध्ये घेता येत नाही. आधीच घेतलं असेल आणि नंतर भारतातून रिफंड आला, तर इथला जुना रिटर्न दुरुस्त करावा लागतो. यात मात्र दोन्हीकडचं काम करणाऱ्या सीपीएला, म्हणजे परवानाधारक हिशेबनीसाला, एकदा पैसे द्या. बाकीच्या गोष्टींसाठी तुम्हाला त्याची गरज नाही.

शेवटचं काम १५ एप्रिलनंतरचं. घर घेतल्यापासून तुमची वजावट वाढली, पण दोघांच्या कंपन्यांकडचे, पगारातून किती कर कापायचा हे सांगणारे डब्ल्यू-४ फॉर्म बहुतेक भाड्याच्या घराच्या काळातलेच असणार, म्हणून दर वर्षी चार हजार डॉलर आधी जातात आणि मग उशिरा परत येतात. आयआरएसच्या संकेतस्थळावर विथहोल्डिंगचा अंदाज देणारं साधन आहे. त्यात यंदाचे आकडे घाला, डब्ल्यू-४ च्या ४बी रकान्यात जास्तीची वजावट लिहा आणि तो दोघांपैकी ज्याचा पगार जास्त त्याच्याच कंपनीत द्या. दोन्हीकडे लिहिलीत तर उलट कर कमी कापला जाईल. राज्याच्या करासाठी न्यू जर्सीचा वेगळा फॉर्म आहे, एनजे-डब्ल्यू४, तोही त्याच दिवशी पाहून घ्या.